शिळ्या पाण्याची विहीर

आमच्या गल्लीत पाणी शिळं होतं. भाकरी शिळी होते, वरण शिळं होतं, तसंच पाणी. पुण्याला मुलाच्या शेजारणीला मी हे सांगितलं तर ती हसायला लागली, आणि मला तिचा राग आला. हसण्यासारखं काय आहे त्यात? परभणीच्या आमच्या टोकाला नळ आठवड्याने येतात, कधी त्याहून उशिरा. आले की ड्रम, हौद, घागरी, लेकरांचे आंघोळीचे टब, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं आणि पुढचे नळ येईपर्यंत पुरवायचं. त्या दिवसांत बायका तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालतात, कपडे धुतलेलं संडासात ओततात आणि नवऱ्याने दाढीला एक मग जास्तीचा घेतला तर त्याचा उद्धार करतात.

आणि मग एक दिवस वरच्या घरातून आरोळी यायची, ‘नळं आले, नळं आले!’ त्या आरोळीसरशी सगळ्यात आधी काय व्हायचं, तर इतके दिवस जीव लावून राखलेलं पाणी धडाधडा रस्त्यावर ओतलं जायचं. ड्रम आडवे व्हायचे, हौदाच्या तळाशी राहिलेलं पाणी बादल्यांनी उपसून फेकलं जायचं. ताजं आल्यावर शिळं कोण ठेवतं? मीही ओतायचे. माझ्या आईने ओतलं, मी ओतलं, माझी सून पुण्याला गेली म्हणून, नाहीतर तिनेही ओतलं असतं. नळ येऊन गेले की आमची गल्ली तासाभरात चिखलाने भरायची आणि पुढचे चार दिवस त्या डबक्यांवर डास घोंगावायचे. मग त्याच डबक्यांतून साडी वर धरून चालताना आम्ही एकमेकींना विचारायचो, की बाई, या गावात पाण्याचं कधी चांगलं होणार?

आम्ही प्लॉट घेतला तेव्हा इथे ज्वारीचं रान होतं. शेताचा मालक पोखर्णीकडचा. त्याने जमीन विकली, प्लॉट पडले, मधोमध रस्ता आखला गेला आणि रस्त्याच्या टोकाला त्या शेताची विहीर तशीच राहिली. “हीर मी इकली न्हाई, तुमाला दिली,” असं तो जाताना म्हणाला होता. “पाणी लय गोड हाय तिचं. कोनाड्यात आसरा हायत, तेवढ्या संबाळा.” आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. विहिरीच्या आतल्या अंगाला एका कोनाड्यात शेंदूर लावलेले दगड होते. आमच्या सगळ्यांच्या घरांच्या भिंती त्याच विहिरीच्या पाण्याने बांधल्या गेल्या. मग शहर आमच्याकडे सरकत आलं. आमच्या पुढे अजून एक कॉलनी पडली, तिच्या पुढे अजून एक. नळ पुरेनात म्हणून ज्याने त्याने आपल्या अंगणात बोअर पाडलं, शेजाऱ्यापेक्षा थोडं खोल. शेजाऱ्याने मग त्याहून खोल. या चढाओढीत उथळ विहिरीत थेंब राहिला नाही. आणि कोरडी विहीर दाराशी असली की माणसाचा हात थांबत नाही. फुटक्या बादल्या, गादीतला कापूस, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, देवाचं निर्माल्य, सगळं आम्ही तिच्यात टाकत गेलो.

माझी पिठाची गिरणी आहे. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूला. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. गिरणी त्यांनीच बसवून दिली, पण चालवली मी. ज्वारी, गहू, भाजणी, उपवासाची भगर, सगळं मी दळलं आहे. दळण व्हायला वेळ लागतो, आणि बाई तेवढा वेळ उभी असते. त्यामुळे कुणाच्या सुनेचं पटत नाही आणि कुणाच्या जावयाने गाडी घेतली, हे मला घरच्यांच्या आधी कळायचं. पुढची खोली, तिच्यातला पिठाचा वास, पट्ट्याचा आवाज आणि दारात डबे घेऊन उभ्या बायका, हा माझा संसार होता. हे मी स्पष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याचसाठी घडलं.

समोरच्या घरात अक्का राहते. वयाने माझ्याहून बरीच मोठी, अंगाने काटक, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. रोज सकाळी आंघोळ करून ती लिंग डाव्या तळहातावर घेते, त्याला पाणी घालते, पूजा करते, आणि ते झाल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा घेत नाही. नळाचं पाणी आलं की पहिली तांब्याची घागर देवाची. ती झाकून, वर धुतलेलं फडकं बांधून वेगळी ठेवायची. पण घागर काही सात-आठ दिवस ताजी राहत नाही. “शेवटचे दोन-तीन दिस लिंगाला शिळं पाणी घालावं लागतंय, बाई,” ती दळणाला आली की म्हणायची. “लय वंगाळ वाटतं. देवा, माफ कर म्हंते आन् घालते.” म्हणून नळ आले की सगळ्यात जोरात पाणी अक्काच्या दारात ओतलं जायचं. आठवड्याचा सगळा अपराध ती एका झटक्यात रस्त्यावर फेकायची.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या मालकांना डेंग्यू झाला. सलाईन, तपासण्या, पपईच्या पानांचा रस, सगळं झालं. माणूस निम्मा होऊन घरी आला आणि पहिलं वाक्य काय बोलला, तर “घर इकायचं.” मला वाटलं, तापाचा अंमल अजून उतरला नसेल. पण ते तापात बोलत नव्हते. “डासांनी खाल्लं मला. पाणी यायचं तवा येत न्हाई, आन् आलं तर रस्त्यावर. पोरगा बोलवायलाय. पुण्याला चोवीस तास पाणी हाय.” मी विचारलं, “आणि गिरणी?” ते म्हणाले, “गिरणीचं काय? ती बी इकू.”

दुसऱ्या दिवशी एका पत्र्यावर रंगाने ‘घर विकणे आहे’ असं लिहून त्यांनी तो पत्रा फाटकाला तारेने बांधला. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. गिरणीत ज्वारी इतकी बारीक दळली की बायका म्हणाल्या, भाकरी थापताना फाटायला लागली.

गिऱ्हाइकं यायची, नाही असं नाही. परभणी वाढत होती, घरं लोकांना हवीच होती. पण प्रत्येक जण आधी खोल्या बघायचा आणि मग विचारायचा, “पाणी कसंय?” आणि आमचे मालक आजाराने चिडलेले. “पाणी न्हाई. डास हायत, पायजे तेवढे घ्या,” असं तोंडावर सांगायचे. गिऱ्हाईक चपला घालून निघून जायचं. मी आतून ऐकायचे आणि मनातल्या मनात त्यांना साखर भरवायचे. इतका प्रामाणिक माणूस मला आयुष्यात कधी एवढा आवडला नव्हता.

हवापालट म्हणून आम्ही काही दिवस पुण्याला गेलो. मुलाचं घर शहराच्या अगदी कडेला, उंच इमारतीत, मी खिडकीपाशी जायचंच टाळायचे. नळ सोडला की पाणी, केव्हाही. आमचे मालक दोन दिवस नुसता नळ सोडायचे आणि बंद करायचे. माझ्याकडे बघायचे, म्हणजे बघ, मी काय म्हणत होतो. तिसऱ्या सकाळी आम्ही फिरायला खाली उतरलो, तर फाटकाबाहेर टँकरची रांग. एक आत येऊन पाणी टाकत होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मालकांनी पहारेकऱ्याला विचारलं, “आज काय कार्यक्रम हाय का?” तो म्हणाला, “कार्यक्रम कसला काका, रोजचंच आहे. बोअर कधीच आटले.” चोवीस तासांचं पाणी असं चाकांवरून येत होतं. माझ्या चेहऱ्यावर हसू फुटलं ते मी पदराने झाकलं, पण त्यांनी पाहिलं.

पण पुण्याहून मी फक्त चिडवायचं निमित्त घेऊन आले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी इमारतीच्या कमिटीतली एक मुलगी पार्किंगमध्ये झाकण उघडून आत टॉर्च मारत होती. आमच्या मालकांना उघडं झाकण दिसलं की राहवत नाही. वर्कशॉपची सवय. ते जाऊन डोकावले, मग गुडघ्यावर बसले. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपांनी खाली आणून, खडी आणि वाळूच्या खड्ड्यातून गाळून, त्यांनी आटलेल्या बोअरमध्ये सोडलं होतं. “एका पावसाळ्यात टँकर थोडे कमी झाले, काका,” ती म्हणाली. “खूप नाही. पण इथे इमारती उठतच राहणार आहेत. नुसतं उपसत बसलो तर किती दिवस पुरणार? काहीतरी परत घालायलाच हवं ना.” नदीकडेही काही इमारतींचे लोक असं करतात, सांडपाणी गाळून बागेला घालतात, असंही ती सांगत होती. मालकांनी विचारलं, “जाळी कंची वापरली? पत्र्याची का नायलॉनची?” एवढ्या मोठ्या शहरातलं त्यांना तेवढंच महत्त्वाचं वाटलं. मला मात्र त्या क्षणी आमची विहीर आठवली. वर कचरा आणि खाली गोड पाण्याची जागा.

परत आल्यावर मी गिरणीत उभी राहून तेच बोलायला लागले. मला भाषण करता येत नाही, पण पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढायची मला सवय आहे. विहीर साफ करू, गच्च्यांचं पावसाचं पाणी तिच्यात सोडू, आणि नळ आले की जे शिळं पाणी रस्त्यावर ओततो तेही एका खड्ड्यात ओतू. रस्ता कोरडा राहील, डास कमी होतील. बायका हो म्हणाल्या. दळण होईपर्यंत बाई कशालाही हो म्हणते, हे मला माहीत होतं, म्हणून मी एकेकीच्या नवऱ्यालाही गाठलं. फक्त अक्का फिरली. डबा खाली ठेवून ती म्हणाली, “काय बोलायलीस तू? आख्ख्या गल्लीचं शिळं पाणी हिरीत? ती हीर हाय का मोरी? देवाची जागा हाय ती. मी न्हाई टाकू देणार.” मी म्हटलं, “अक्का, आजवर आपण तिच्यात कचरा टाकला.” ती म्हणाली, “कचरा येगळा. पाणी येगळं.” मी गिरणी बंद केली.

आमच्या मालकांचं म्हणाल तर ते या सगळ्यापासून लांब होते. “करा तुमाला करायचं ते. आपण चाललो,” असं म्हणायचे. पण विहिरीतला गाळ वर ओढणारी यारी आली, लोखंडी मांडव उभा राहिला, इंजिन सुरू झालं, तेव्हा त्यांच्याने घरात बसवेना. इंजिनाचा आवाजच बरोबर येत नव्हता म्हणे. संध्याकाळपर्यंत ते यारीवाल्यांना हुकूम सोडत काठावर उभे होते.

विहिरीतून जे वर आलं ते सगळ्या गल्लीने पाहिलं, आणि ती मोठी फजिती होती. पाटी वर आली की कुणी ना कुणी मान खाली घालायचं. एकाचा टीव्हीचा खोका ओळखू आला, एकीच्या लेकीच्या लग्नातली फुटकी परात. आमच्या गिरणीचे जुने पट्टे निघाले, चांगले सहा-सात. मी मालकांकडे पाहिलं, मालकांनी आकाशाकडे पाहिलं. सगळ्यात शेवटी, अगदी खाली, निर्माल्याचा थर होता. कुजलेल्या फुलांचा चिखल, माळांच्या दोऱ्यांचे गुंते, विभूतीच्या पुड्यांचे कागद. त्या थराखाली कोनाडा मोकळा झाला आणि शेंदराचे दगड दिसले. अक्का काठावर उभी होती. दोऱ्यांचे ते गुंते कुणाच्या देवघरातले, हे तिला सांगायला नको होतं. “आमी देवाचंच टाकलं,” ती हळू आवाजात म्हणाली, “पर देवाच्याच तोंडावर टाकत व्हतो गं.” घरी जाऊन तिने तांब्याच्या घागरीतलं पाणी आणलं, माणसाला खाली सोडायच्या पाळण्यातून एकाकडे दिलं आणि ते दगड धुवायला लावले. नळ येऊन पाच दिवस झाले होते. म्हणजे ते पाणी शिळंच होतं, पण मी तोंड उघडलं नाही.

विहीर साफ झाली तरी अक्काचा हेका कायम होता. पावसाचं पाणी सोडा, शिळं नको. ठीक आहे, म्हटलं, निदान पावसाचं तरी. खड्डा कुठे घ्यायचा, पाइप कसे आणायचे, हे बघायला कुणी तरी लागणार होतं. मालक म्हणाले, “मी बगतो. जाईपतूर बगतो.” मी ‘जाईपतूर’ हा शब्द ऐकला नाही असं दाखवलं.

त्यांनी खड्डा घेतला, तळाशी मोठे दगड, वर खडी, वर वाळू. गल्लीतल्या गच्च्यांचे पाइप जोडून त्यात आणले. सगळ्यात वर त्यांनी गाळणी म्हणून पोत्याचं जाड कापड टाकलं. पुण्याची नायलॉनची जाळी त्यांना पटली नव्हती. “पोतं झ्याक गाळतं,” म्हणाले. पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या सरीलाच गच्च्यांवरची सगळी माती त्या पोत्यावर बसली, पोतं लिंपलं गेलं आणि आख्ख्या गल्लीचं पाणी खड्ड्यातून उलटं येऊन अक्काच्या अंगणात शिरलं. तिचा जिरे-धण्यांचा वाळवणाचा पाट तरंगत रस्त्यावर आला. अक्का दारात उभी राहून अशी काही ओरडली की पावसाचा आवाज कमी वाटला. “तुमी मेकॅनिक हाव का कोण हाव? गाड्या तरी कशा चालल्या तुमच्या?”

आमच्या मालकांना वर्कशॉपमध्ये असं कुणी कधी बोललं नसेल. ते भिजत तिथेच उभे राहिले. मला वाटलं, आता संपलं. आता हे घरात येतील आणि उद्या येईल त्या गिऱ्हाईकाला पडेल त्या भावात घर देऊन टाकतील. पण मेकॅनिक माणसाला एकच अपमान सहन होत नाही, तो म्हणजे त्याने बसवलेली वस्तू न चालणं. ते घरात आले, डोकं पुसलं, चहा घेतला आणि मुलाला फोन लावला. “त्या पोरीला इचार,” म्हणाले, “जाळी कंची हाय म्हणून. आन् पैलं पाणी कुठं सोडतेत तेबी इचार.” पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडून द्यायचं, मग पाइप खड्ड्याला जोडायचा, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी ते पोतं काढून फेकलं. विहिरीत नव्हे, घंटागाडीत.

नंतरच्या पावसात खड्ड्याने पाणी गिळलं. नुसतं गिळलं नाही, आवाज करून गिळलं. मालक छत्री घेऊन त्याच्याजवळ उभे होते, आणि अक्का आपल्या दारात. दोघंही एकमेकांकडे न बघता एकाच खड्ड्याकडे बघत होते. काही दिवसांनी विहिरीच्या तळाशी चकाकी दिसली. पाऊस वाढला तशी चकाकी वर सरकली. मालकांनी दोरीला दगड बांधला आणि रोज सकाळी पाणी किती वर आलं ते बघायला लागले. चहा झाला की चालले. मी विचारलं तर म्हणायचे, “नुसतं बगून आलो.” बघून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद कशाला असतो?

अक्काचं काय झालं ते मी एका सकाळी गिरणी उघडताना पाहिलं. आंघोळ करून, केस ओलेच, हातात तीच तांब्याची घागर घेऊन ती विहिरीकडे चालली होती. काठावर रहाट बसवला होता. तिने घागर भरली, वर घेतली, पाणी ओंजळीत धरून बघितलं आणि घरी गेली. त्या दिवशी दळणाला आली तेव्हा मी विचारलंच, “अक्का, देवाला विहिरीचं घातलं का आज?” ती म्हणाली, “मग? रोज ताजं मिळायलंय तर कामून घालू नये?” मी म्हटलं, “पण पाणी तपासून आणलं, त्या कागदावर उकळून प्या म्हणून लिहिलंय.” “उकळून तुमी प्या. देवाला कशाला उकळून?” आणि मग जराशाने, डबा उचलताना, तिनेच विषय काढला. “मी इचार केला, बाई. आभाळातनं पडलं, गच्चीवर सांडलं, तुमच्या खड्ड्यातनं गेलं, तरी हिरीत आलं की ताजंच की न्हाई? जमिनीनं दिलं की ताजं. मग शिळं पाणी बी तिच्यात घातलं तर ते शिळं कसं ऱ्हाईल?” मी एवढ्या महिन्यांत हे तिला नीट सांगू शकले नव्हते. तिने ते स्वतःच, स्वतःच्या देवाला विचारून, ठरवून टाकलं.

पुढच्या खेपेला नळ आले तेव्हा आरोळी तशीच उठली. ड्रम तसेच हलले, घागरी तशाच रिकाम्या झाल्या. कारण पाणी आमच्याकडे अजूनही शिळं होतं, त्यात काही बदल नाही, आणि माझी काही तक्रारही नाही. पण बादल्या रस्त्यावर उलट्या झाल्या नाहीत, खड्ड्याकडे चालल्या. सगळ्यात पुढे अक्का. एकीने सवयीने दारातच ओतलं तर अक्का तिच्या अंगावर धावून गेली. रस्ता संध्याकाळपर्यंत कोरडा होता. त्या वर्षी आमच्या गल्लीत डास होते, पण इतके नव्हते, आणि डेंग्यूने कुणी पडलं नाही. बाजूच्या कॉलनीतली माणसं विहीर बघायला आली. त्यांच्याकडे विहीर नव्हती, नुसते आटलेले बोअर होते. आमचे मालक छाती काढून त्यांना जाळी कुठली वापरायची ते सांगायला गेले.

एवढं सगळं होऊनही तो पत्रा फाटकावर होताच. ऊन-पावसाने रंग फिका झाला होता, पण ‘घर विकणे आहे’ हे वाचता यायचं. मी त्याबद्दल विचारत नव्हते. विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं तर? गिरणीत उभी असताना माझी नजर सारखी त्या पत्र्यावर जायची. मुलाचा फोन आला की मी आत जायचे.

उन्हाळ्यात, लोकांचे बोअर सू सू हवा सोडत होते तेव्हा, पाथरीहून एक नवराबायको घर बघायला आले. माणसं चांगली होती, हेच वाईट होतं. बाईने स्वयंपाकघर बघितलं, ओटा आवडला म्हणाली. गिरणीची खोली बघून नवऱ्याला म्हणाली, “इथं दुकान टाकता येईल.” मी गिरणी बंद केली आणि पीठ झाडायच्या निमित्ताने दाराला टेकून उभी राहिले. मग त्या बाईने तो प्रश्न विचारला, “आणि पाण्याचं कसंय, काका?”

मी डोळे मिटले. म्हणा हो, मनात म्हटलं, एकदा म्हणा, पाणी न्हाई, डास हायत.

“पाणी?” मालक म्हणाले. “या, दाखवतो.” आणि ते त्यांना विहिरीवर घेऊन गेले. मी मागोमाग गेले. एवढ्या उन्हाळ्यातसुद्धा खाली पाणी होतं, हातभर का होईना, निळं-काळं, स्वच्छ. मालक बोलत सुटले. खड्डा दाखवला, पाइप दाखवले, पोत्याची फजितीसुद्धा सांगितली, फक्त पोतं दुसऱ्या कुणाचं होतं असं सांगितलं. आसरा दाखवल्या. “पिण्याला उकळून घ्या, पर वापराला बारा महिने. आमच्या बोअरला बी पाणी आलं याच्यानं. पूर्णेपतूर जा, अशी गल्ली दाखवा मला.” अक्का आपल्या दारातून ऐकत होती. एवढं कौतुक ऐकून ती पाथरीची बाई खूश झाली. तिच्या नवऱ्याने भावसुद्धा केला नाही. “आम्हाला पसंत आहे, काका,” तो म्हणाला. “बोला, व्यवहार कधी करायचा?”

मालकांनी विहिरीत पाहिलं, मग खड्ड्याकडे, मग माझ्याकडे. माझ्या हातात पिठाचं फडकं होतं आणि डोळे भरून आले होते. ते मला लपवता आले नाहीत, आणि मला लपवायचेही नव्हते.

“घर इकायचं न्हाई,” मालक म्हणाले.

“मग पत्रा कशाला लावलाय?” तो माणूस चकित झाला.

“तो जुना हाय,” मालक म्हणाले. “शिळा झालाय.”

अक्का दारात खो खो हसली. पाथरीची बाई बिचारी वैतागली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी त्यांना आत बोलावून चहा दिला, जाताना ताज्या भाजणीचं पीठ बांधून दिलं. ते गेल्यावर मुलाला फोन मालकांनी स्वतःच केला. मी गिरणी सुरू केली, कारण बाहेर दोन डबे कधीचे ताटकळत होते.

संध्याकाळी ते पक्कड घेऊन फाटकाशी गेले आणि तार सोडवून पत्रा खाली काढला. मी म्हटलं, “टाकू नका, चांगला जाड आहे.” ते म्हणाले, “टाकतो कशाला? खड्ड्यात झाडाचा पाला पडायलाय, झाकण पायजेच होतं.” पत्रा त्यांनी अक्षरं खाली करून खड्ड्यावर बसवला आणि वर दगड ठेवला. अजून तिथेच आहे. नळ आले की अक्का दगड काढते, पत्रा बाजूला सारते आणि आपलं शिळं पाणी आत ओतते.